सई : हाक की नाव?

प्रश्न : बाई, नमस्कार. आमच्याकडे नात झाली. मुलाने आणि सुनेने 'सई' हे नाव पक्कं केलंय. बारसं बाराव्या दिवशी जमलं नाही, आता सव्वा महिन्यानंतर करायचं आहे, तोवर घरात रोज चर्चासत्र भरतंय. माझे दीर म्हणतात, जाई-जुईसारखं सई हे एक फूल आहे. विहीणबाईंना वाटतं, साईबाबांवरून ठेवलंय. आमचे 'हे' म्हणतात, सईबाई राणीसाहेब फलटणच्याच, त्याला अर्थ कसला विचारता? गुरुजींनी अक्षर 'सा' काढून दिलंय, तेव्हा तिकडून अडचण नाही. पण माझ्या सासूबाई (वय 86) नाव ऐकल्या ऐकल्या म्हणाल्या, "हे कसलं नाव? ही तर हाक झाली." खरं कुणाचं धरायचं? आणि माझ्याबरोबर शाळेत एकही सई नव्हती. आता गल्लीत दोन आहेत. हे नाव एकदम आलं कुठून? — एक नवी आजी, फलटण

उत्तर : आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या जिंकल्या. बाकीच्यांना बारशाच्या घुगऱ्या द्या आणि गप्प बसवा.

सई ही हाकच आहे. मूळ शब्द 'सखी'. संस्कृत शब्द प्राकृतात आला की दोन स्वरांच्या मधे सापडलेल्या 'ख'चा बहुधा 'ह' होतो. 'लिख'वरून आपण 'लिहिणं' घेतलं ते असंच. 'ध'चीही तीच गत होते, म्हणून दधीचं दही झालं आणि गोधूमाचा गहू. तशी सखीची 'सही' झाली. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या सातशे गाथांत, कितीतरी ठिकाणी एक बाई दुसरीपाशी मन मोकळं करते तेव्हा सुरुवात 'सहि' अशीच करते. पुढे मराठी तोंडात तो 'ह'सुद्धा गळाला. दह्याला 'दई' आणि नाहीला 'नाई' म्हणणारी माणसं तुम्हाला फलटणच्या बाजारात दर आठवड्याला भेटत असतील. त्याच वाटेने सहीची सई झाली.

दस्तावर करतात ती सही निराळी, ती अरबीतून आली. पण खेड्यात तिलाही 'सई'च म्हणतात, आणि त्यावरून माझ्या वर्गात एकदा फार मजा झाली होती. सातवीतल्या एका सईची आजी प्रगतिपुस्तक न्यायला आली. चष्मा घरी राहिला होता. तिने भर वर्गात मला मोठ्याने विचारलं, "बाई, सईच्या पुस्तकावर सई कुठं करू?" सगळा वर्ग फुटला. पोरीने डोकं बाकात खुपसलं. आजी मात्र शांतपणे पदराला बोट पुसून शाईच्या डबीकडे बघत उभी. तिची सई म्हणजे अंगठा होता.

फुलाचं म्हणाल तर जाई ओवली, जुई ओवली, सई नावाचं फूल काही कधी माझ्या सुईत आलं नाही. शेवट सारखा वाजतो म्हणून कुणीतरी तिला फुलांच्या रांगेत बसवलं असावं आणि नावांच्या पुस्तिका एकमेकींच्या नकला करतात. 'साई' हा शब्द वेगळा, तो धनी किंवा स्वामी या अर्थाने आदराने लावायचा. सिंध्यांच्या बोलण्यात 'साईं' आजही येतो. विहीणबाईंनी शिर्डीला जरूर जावं, पण नातीच्या नावाची वाट तिथून निघत नाही. उत्तर प्रदेशात रायबरेलीच्या बाजूने वाहणारी एक सई नदीही आहे, पुढे ती गोमतीला मिळते. ती आपल्या नात्यातली नाही. आणि 'सय' म्हणजे आठवण, तो शब्द स्मृतीवरून आलेला. कानाला सख्ख्या बहिणी वाटतात, पण माहेरं वेगळी.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे येते, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

त्यांचं वय 86 म्हणजे त्या जात्यावर बसलेल्या असणार. मी बसले ती शेवटची, आजोळी, आणि तेही हौसेने. पहाटे माझ्या आजीसमोर शेजारची काकू येऊन बसायची. दोघींचे हात एकाच खुंट्यावर. एकीने मोकळ्या हाताने मूठमूठ वैरण, म्हणजे दळायचे दाणे, जात्यात घालायची, दुसरीने ओढ घ्यायची. ओवीची पहिली ओळ आजीने म्हटली की दुसरी काकू उचलायची, आणि मधेच 'सये' यायचं, 'सयांनो' यायचं. अंधारात चेहरे धड दिसत नसत. दिवसभर ज्या बाईला अमक्याची आई किंवा तमक्याची सून म्हणत, तिला त्या तासाभरात दुसरी बाई 'सये' म्हणायची. आजीचं नाव काय आहे हे मला कितीतरी उशिरा कळलं. काकूला माहीत होतं की नाही, कोण जाणे. तिला नावाची गरजच नव्हती.

या हाकेतली एक गोष्ट नीट बघा. पुरुष बाईला सई म्हणत नाही. नवरा म्हणत नाही, बाप म्हणत नाही. सई बाईचीच आणि बाईलाच. आता आपल्याकडे बायकांना नावं कोण ठेवायचं? माहेरी आत्या ठेवायची, ते एक. पण लग्नात ते पुसलं जायचं. ताटात तांदूळ पसरायचे आणि सोन्याच्या अंगठीने नवऱ्याने नवीन नाव गिरवायचं. ते सासरच्यांनी काढलेलं, पुष्कळदा नवऱ्याच्या नावाला जुळणारं. विष्णूची रमा किंवा लक्ष्मी, शंकराची पार्वती. अशा ताटात 'सई' कोण गिरवणार? सासूबाईंना ते नाव न वाटता हाक वाटली, याचं कारण हे असं सरळ आहे.

मग सईबाई राणीसाहेब? तुमच्या 'ह्यां'चं म्हणणं अगदीच मोडीत काढत नाही मी. फलटणच्या मुधोजीराव नाईक निंबाळकरांची ही लेक. 1640 साली शिवाजी महाराजांशी लग्न झालं. 14 मे 1657 रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, आणि आईची प्रकृती ठीक नसल्याने कापूरहोळच्या धाराऊंनी त्यांना दूध पाजलं. 5 सप्टेंबर 1659 रोजी राजगडावर सईबाई गेल्या. लेकरू तेव्हा सव्वादोन वर्षांचं. अफझलखान वाईला तळ देऊन बसलेला होता आणि प्रतापगडाखालची भेट व्हायला दोन महिने उरले होते. समाधी राजगडाच्या पायथ्याला, पाल गावात आहे. शाळेची सहल राजगडाला नेली की मी मुलींना तिथे थांबवत असे. मुलगे तोवर पाण्याच्या बाटल्या एकमेकांवर ओतत आणि 'बाई, गड कधी चढायचा' करत.

म्हणजे नाव सतराव्या शतकात होतं, चांगल्या सरदार घराण्यात होतं. पण आजच्या सया सईबाईंवरून आल्या असं मला वाटत नाही. तसं असतं तर सोयराबाई आणि पुतळाबाईसुद्धा परत यायला हव्या होत्या. किती पुतळा पाहिल्यात तुम्ही बालवाडीत?

माझ्या हजेरीवरून सांगते. मी तीस वर्षं हजेरी घेतली, आणि हजेरीत नावांची पिकं दिसतात. पहिल्या वर्षांत सुनीता, अनिता, संगीता, वंदना, मंगल. एका वर्गात चार सुनीता, मग आडनावाने हाक मारायची. त्यांच्या आया म्हणजे कुसुम, सुमन, लीला, मालती, आणि आज्या गोदावरी, भागीरथी, यमुना. म्हणजे आजीकडे नद्या, आईकडे बहुतेक फुलं, आणि लेकीकडे बरंचसं 'ता'कारान्त. मग अश्विनी, स्नेहल, प्रियांका आल्या. आणि नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत नावं आखूड होऊ लागली. दोन अक्षरं, जोडाक्षर नको, इंग्रजी शाळेतल्या बाईंना म्हणता आलं पाहिजे. रिया, सिया, ईशा, आणि त्यांच्या रांगेत सई.

तुम्ही विचाराल, पण रियाच्या रांगेत जात्यावरची सई कशी बसली? माझं उत्तर असं. गावात पिठाची गिरणी आली, जाती परसात उलटी पडली. सये म्हणणाऱ्या तोंडांना म्हणायला जागा उरली नाही. एकदा हाक बंद झाली की शब्द मोकळा होतो. तुमच्या सासूबाईंच्या कानात ती हाक अजून चालू आहे, म्हणून त्यांना नाव ऐकून हसू येतं. तुमच्या सुनेने ती हाक कधी ऐकलीच नाही. तिला फक्त एक छोटा, गोड, अस्सल मराठी शब्द दिसला, आणि त्याचा अर्थ मैत्रीण निघाला, मग तर सोन्याहून पिवळं. 'बाई' हे शेपूटही तोवर गळून पडलं होतं. सईबाई हे आजीचं नाव वाटतं, नुसती सई नातीचं.

याला जुना दाखलाही आहे. दिग्दर्शिका सई परांजपे यांचा जन्म 1938 चा. त्या काळी हे नाव पुण्यातसुद्धा नवलाचं असणार. पण घर कसं, तर आजोबा रँग्लर (म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेले) र. पु. परांजपे, आई शकुंतला परांजपे, वडील रशियन चित्रकार. अशा घरात सई ऐकून कुणाला जात्याची घरघर आठवायचं कारण नाही. तिथे शब्द आधीच मोकळा झाला होता. बाकीच्या महाराष्ट्राला पन्नाससाठ वर्षं जास्त लागली, इतकंच. नंतर सांगलीच्या सई ताम्हणकर पडद्यावर आल्या आणि नाव घरोघर ऐकू आलं. पण माझ्या वर्गात सया त्याआधीच यायला लागल्या होत्या, तेव्हा सगळं श्रेय सिनेमाला देऊ नका.

तर बारसं उरका. 'सा' अक्षराला 'स' चालतो, कुंभ राशीला ग, स, श. आणि बारशाला सासूबाईंना तिला एकदा 'सये' म्हणून हाक मारायला सांगा. रागावून म्हणाल्या तरी चालेल.

प्रश्न : माझ्या मुलीचं नाव सई. फॉर्मवर इंग्रजीत मीच 'एस-ए-आय' लिहिलं. जन्मदाखल्यावर मराठीत 'साई' छापून आलं. आता बालवाडीत सगळे तिला 'साई' म्हणतात आणि दोनदा मुलग्यांच्या रांगेत उभं केलं. पुढे हे निस्तरणं अवघड होईल का? — सईची आई, ठाणे

उत्तर : आत्ताच निस्तरा, उद्यावर टाकू नका. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात (1969) चूक दुरुस्त करायची सोय आहे. कलम 15. जिथे जन्माची नोंद झाली तिथल्या निबंधकाकडे अर्ज करायचा. ते मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख घालतात. मला ही पद्धत आवडते. चूक तशीच राहते आणि शेजारी बरोबर काय ते असतं, मुलांच्या वह्या मीही अशाच तपासत असे. सोबत दोघा आईवडिलांची ओळखपत्रं न्या. आणखी कोणते कागद लागतील ते खिडकीवर आधी विचारून घ्या, म्हणजे तीन हेलपाटे वाचतील.

घाई कशासाठी म्हणते, तर 1 ऑक्टोबर 2023 पासून कायदा बदलला. त्या तारखेला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, पासपोर्ट, सगळीकडे जन्मतारखेचा आणि जन्मठिकाणाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. तुमची लेक थोडी आधीची असेल, तरी दाखला एक बोलणार आणि शाळा दुसरं, हे बरं नाही. आपल्या राज्यात 1 मे 2024 रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आहे. तेव्हा ज्यांच्या घरी पाळणा नुकताच हललाय त्यांनी स्वतःच्या नावाचंही स्पेलिंग एकदा बघून घ्यावं. मुलीच्या कागदावर तेही कायमचं जाऊन बसतं.

आता स्पेलिंग. दोष रोमन लिपीचा आहे, बालवाडीच्या बाईंचा नाही. 'एस-ए-आय' वाचून मराठी न येणारा माणूस 'साई'च म्हणणार, त्यातून तेलुगू घरांत साई हे मुलग्यांचं नाव भरपूर चालतं. हिंदी मजकुरात सई परांजप्यांचंही 'साई' झालेलं मी वाचलंय, तिथे तुमच्या पोरीचं काय घेऊन बसलात. पर्याय दोन दिसतात. एक 'एस-ए-ई-ई', दुसरा 'एस-ए-वाय-ई-ई'. मी पहिला घेईन. दुसऱ्यात 'वाय' आला की लोक 'सायी' म्हणायला मोकळे. पहिल्याचा त्रास असा की परदेशात कुणी 'सी' म्हणेल. म्हणू द्या, निदान मुलग्यांच्या रांगेत तर उभं करणार नाहीत. आणि देवनागरीत कुठेही लिहायची वेळ आली तर स्वतःच्या हाताने लिहून द्या, संगणकावर सोडू नका. 'स'ला काना नाही, हे सांगणारं माणूस तिथे उभं पाहिजे.

प्रश्न : माझ्या आजीचं नाव सखू. तिनेच मला वाढवलं. मला मुलगी झाली आहे आणि तिचं नाव सखूच ठेवायचं आहे. सगळे हसतात. 'सखी ठेव, तेच ते', असं म्हणतात. तेच ते आहे का? — एक नात, कराड

उत्तर : अर्थाने तेच ते. पण तुमच्या आजीला कुणी सखी म्हणत नव्हतं, तेव्हा तुमच्यापुरतं तेच ते नाही.

सखू हेही सखीचंच रूप. सई झिजून गुळगुळीत झाली, सखूने आपला 'ख' सोडला नाही. वर फलटणच्या आजींना सईबाईंचं सांगितलं त्यात एक मुद्दाम तुमच्यासाठी ठेवलं होतं. सईबाईंच्या एका लेकीचं नाव सखूबाई. काही ठिकाणी तिला सकवारबाईही म्हटलंय. आईचं आणि लेकीचं नाव म्हणजे एकच शब्द, दोन रूपांत. त्या सखूबाईंना दिलं कुठे, तर बजाजी निंबाळकरांच्या महादजींना. म्हणजे फलटणहून सई गेली आणि एका पिढीने सखू फलटणला परत आली.

मग सई परतली आणि सखू का राहिली मागे? मला वाटतं, 'ऊ'ने घात केला. गंगू, यमू, ठकू, चिमू, सखू. घरातल्या या सगळ्या ऊकारान्त हाका शहरात एकदम गावंढळ ठरल्या, आणि विनोदी नाटकवाल्यांनी भांडी घासणाऱ्या बाईचं नाव ठरवून सखू ठेवलं. लोक तुमच्या आजीला हसत नाहीत, त्या नाटकातल्या बाईला हसतात. आणि ज्या गावात राहता त्या कराडचीच संत सखू, पंढरीला निघाली म्हणून सासूने खांबाला बांधून घातलेली, मग तिच्या जागी विठ्ठलच बांधून घेऊन उभा राहिला अशी कथा आहे जिची. हसणाऱ्यांना तिची आठवण करून द्या.

शाळेत दोन-चार दिवस हसतील. माझ्या वर्गात एक धोंडू होता, त्याला जूनमध्ये हसले आणि ऑगस्टमध्ये त्याच्याशिवाय कबड्डीचा संघ होईना. नाव अंगावर बसायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

ठेवा सखू. बारशाला धीट आत्या बघून पुढे करा. तिने कानात 'सखू' म्हणून कुर्र केलं की बायका धपाटे तिच्या पाठीत घालतील, तुमच्या नाही.